काळी गाडी आणि बोरचं पाणी

ओली गाडी नेहमीच चांगली दिसते. म्हणून धुऊन झाल्या झाल्या मी समाधान मानत नाही. पाणी वाळेपर्यंत थांबते. बॉनेटवरचं आधी वाळतं, मग टपावरचं. दारांच्या खालच्या कडेला थेंब बराच वेळ लोंबत राहतात. खरं काय ते वाळल्यावरच कळतं.

गाडी दादाची, माझ्या मोठ्या भावाची. काळी, एका मालकाने वापरून विकलेली. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती करारावर लागलेली आहे. बाहेरगावहून येणाऱ्या पाहुण्यांना संभाजीनगरच्या विमानतळावरून आणायचं, कारखान्यात सोडायचं, संध्याकाळी परत पोचवायचं. गाडी दादा स्वतःच चालवतो. वडील मंठ्याकडच्या आमच्या गावी शेती बघतात. जालन्यातलं आमचं घर, म्हणजे आई, दादा आणि मी, या गाडीवर चालतं. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. मुलाखतीला बोलावणं आलं की जायचे, आणि येताना बसमध्ये न दिलेली उत्तरं मनातल्या मनात देत यायचे.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी दादा आला आणि बूट न काढताच पायरीवर बसला. आईने पाण्याचा तांब्या दिला, तो हातातच धरून ठेवला.

"काय झालं रे?" आईने विचारलं.

"साहेब म्हणले, गाडीला देवी आल्यात का?"

साहेब म्हणजे कारखान्यात गाड्यांचं बघणारे. दादाचा करार वाढवायचा की नाही हे त्यांच्या हातात.

"सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणले. काळ्या तोंडावर देवीचे वण असल्यासारखी दिसून राह्यली म्हणे गाडी. पाहुण्यांना वाटतं, कुठल्या भंगारातून उचलून आणली. असंच राह्यलं तर एजन्सीची गाडी लावून घेतो म्हणले." एवढं बोलून तो हसायला गेला, पण हसू नीट जमलं नाही. मग त्याने तांब्यातलं सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

मी बाहेर जाऊन गाडी बघितली. समोरून काही दिसत नव्हतं. जरा वाकून, उजेड तिरका येईल अशी उभी राहिले तेव्हा दिसलं. बॉनेटभर, दारांवर, काचांवर बारीक पांढरी वर्तुळं, प्रत्येकाची कड मधल्या भागापेक्षा ठळक. जिथे जिथे थेंब वाळला होता तिथे तिथे त्याने आपली खूण ठेवली होती. गाडी रोज धुतली जात होती आणि धुण्यानेच डागाळत होती.

आणि धूत होते मी. दादाला सकाळी लवकर निघावं लागे, आईचे गुडघे दुखत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं. ते मला आवडायचं, कारण गल्ली जागी व्हायच्या आत उरकता येई. कोणी बघत असलं की माझे हात माझे राहत नाहीत. भल्या पहाटे फक्त मी, बादली आणि गाडी. साहेबांचं बोलणं दादाला लागलं होतं, पण ते ठिपके माझ्या हातचे होते.

आमच्या बोरच्या पाण्याबद्दल तक्रार करावी असं त्याआधी कुणाला वाटलं नव्हतं. बोरला पाणी आहे, हेच भाग्य. पण ते पाणी जड. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हीटरच्या कांडीवर दर महिन्याला पांढरी साल चढते आणि आई ती सुरीच्या पाठीने ठोकून काढते. पिण्यासाठी जार येतो. नळाचं पाणी आलं तर आलं, ते गढूळ असतं. आईचा एक नियम आहे. बाहेरून आलेलं कुठलंही पाणी तुरटी फिरवल्याशिवाय ती वापरात घेत नाही. नळाचं असो की टँकरचं, बाही वर करायची, तुरटीचा खडा मुठीत धरायचा आणि टिपाडात कोपरापर्यंत हात घालून गोल गोल फिरवायचा. सकाळपर्यंत गाळ तळाशी बसतो. गावी असताना ती हेच करायची, जालन्यात आल्यावरही करते. मी लहानपणापासून इतक्या वेळा बघितलंय की ते मला दिसेनासं झालं होतं.

ठिपके घालवायला मी बरंच काही केलं. सावलीत धुतली. भराभर पुसली, तर एक बाजू पुसेपर्यंत दुसरी वाळायची. एका बाजूला लिंबू चोळलं. लिंबाने ठिपके गेले आणि त्या जागी गाडी मंद दिसायला लागली. रंगच उडाला की काय! दोन दिवस दादा गाडीच्या त्या बाजूला गेला की मी घरात जायचे. तिसऱ्या दिवशी त्यानेच मेण आणून घासलं, तेव्हा ती बाजू इतर बाजूंसारखी झाली.

मग मी वाचायला लागले. मला वाचायला इंग्रजीतच सोपं जातं, शाळा त्या माध्यमातली. दूरदूरचे लोक आपापल्या अंगणात गाड्या धुतात आणि अगदी याच ठिपक्यांबद्दल लिहितात, हे बघून मला धीर आला. ते शेवटचा हात मारायला, म्हणजे साबण निघून गेल्यावर वरून ओतायला, वेगळं पाणी वापरतात. नळाला एक नळकांडं जोडतात, त्यात बारीक मण्यांसारखं रेझिन असतं, ते पाण्यातले क्षार धरून ठेवतं. त्यातून आलेलं पाणी वाळलं की मागे काहीच उरत नाही, कारण त्यात मागे उरण्यासारखं काही नसतंच. ती गाडी पुसावीही लागत नाही.

कळलं मला सगळं, पण दादाला सांगायचं कसं? माझ्याकडे त्यासाठी जे शब्द होते ते सगळे परीक्षेत लिहायचे होते. जेवताना दोनदा सुरुवात केली. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मॅडम, मराठीत बोला. आम्ही झेडपीच्या शाळेतले."

"इन्व्हर्टरच्या बॅटरीत आपण बोरचं पाणी का टाकत नाही?" मी विचारलं.

"बॅटरी मरते ना. क्षार बसतेत. तिला बॅटरीचं पाणी लागतं, कॅनचं."

"मग गाडीला शेवटचं पाणी तसलं द्यायचं. ते घरी करायचं फिल्टर मिळतं."

तो घास हातात धरून थांबला. मग म्हणाला, "हां. हे बराबर आहे." पुन्हा जेवायला लागला, आणि ताटावरून उठताना म्हणाला, "मागव. पण बघ हां, तुझ्या भरोशावर."

ते दोन शब्द मी पार्सल येईपर्यंत उशाखाली ठेवून झोपले म्हटलं तरी चालेल.

फिल्टर आलं. हाताएवढं उंच, पारदर्शक नळकांडं, आत तपकिरी मणी. सोबत पाण्यातले क्षार मोजायचं पेन. आमच्या बोरच्या पाण्यात ते बुडवलं तर हजाराच्या वर आकडा आला. फिल्टरमधून आलेल्या पाण्यात शून्य. दादाने पेन झटकलं, पुसलं, परत बुडवलं. परत शून्य.

"आयला," तो म्हणाला. एवढंच. मला तेवढं पुष्कळ होतं.

फिल्टरमधून पाणी अगदी करंगळीएवढ्या धारेने यायचं आणि सकाळी टाकीत जोर नसायचा, म्हणून मी आदल्या संध्याकाळी एक निळं टिपाड अर्धं भरून ठेवायला लागले. सकाळी आधी बोरच्या पाण्याने आणि शाम्पूने गाडी धुवायची, मग टिपाडातल्या पाण्याचे चार-पाच तांबे वरून सोडायचे, टपापासून खाली. आणि मग हात लावायचा नाही. हे सगळ्यांत अवघड. थेंब दिसत असताना फडकं बाजूला ठेवून गप्प उभं राहायचं. पहिल्या दिवशी मी श्वास धरून उभी होते. थेंब आक्रसत गेले, पुसट झाले, आणि नाहीसे झाले. खाली काळा रंग तसाच. त्यात मला शेजारच्या गच्चीवरची दोरी दिसली, दोरीवरचे कपडे दिसले.

शेजारच्या काकूंनाही आमची गाडी दिसली. त्या भिंतीपलीकडून बोलतात आणि गल्लीला ऐकू जातं.

"काय गं, काय नवीन काढलं? नळीला काय लावलंय?"

"फिल्टर आहे काकू."

"गाडीला? माय! आम्ही जारसाठी त्या पोराला फोन लावून लावून थकतो, अन् तुमची गाडी फिल्टरचं पाणी पिऊन राह्यली. मी पुढच्या जन्मी तुमची गाडीच होते बघ."

आत आई हसली. मीही हसल्यासारखं केलं. पण दुसऱ्या दिवसापासून मी आणखी लवकर उठायला लागले. काकू थट्टाच करत होत्या, तरी ज्या गावात लोक टँकरची वाट बघतात तिथे हे बरं दिसत नाही, हे मला त्यांनी सांगण्याआधीही वाटत होतंच. मी तांबे मोजून वापरायला लागले. खाली वाहणारं पाणी परातीत धरून कढीपत्त्याला घालायला लागले.

आईला त्या टिपाडाचं कौतुक होतं आणि त्यात आपलं काही काम नाही याची थोडी हुरहूरही होती. "मी काही करू का?" ती विचारायची. मी "काही नको" म्हणायचे. मला वाटायचं मी तिचे गुडघे सांभाळते आहे.

मार्चमध्ये दादाने सांगितलं, सोमवारी कारखान्याच्या मुख्य कचेरीतले लोक येणार. करार संपत आला होता. "साहेब म्हणले, सोमवारी तुझी गाडी लावतो. ते लोक गेल्यावर कराराचं बोलू. म्हणजे काय, समजून घे."

आम्ही समजून घेतलं. आईने देवाजवळ नुसतंच उभं राहून काहीतरी म्हटलं. मी रविवारी दुपारी फिल्टर उघडून धुतलं, टिपाड घासलं, उन्हात पालथं घातलं. संध्याकाळी भरायला लावलं तर लाईट गेली. आली तेव्हा परत लावलं. भरलेल्या पाण्यात पेन बुडवलं. शून्य. झाकण लावलं, झाकणावर वीट ठेवली आणि देवळात गेलेली आई यायच्या आधी भाकऱ्या टाकून मोकळी झाले.

सोमवारी सगळं रोजच्यासारखं केलं. रोजच्यापेक्षा सावकाश. शेवटचे तांबे सोडताना टपाच्या मधोमध पाणी पोचावं म्हणून स्टुलावर चढले. वीट बाजूला, झाकण उघडं, टिपाड रिकामं होत आलेलं. मग फडकं बाजूला ठेवलं. इतके दिवस या पाण्याने दगा दिला नव्हता, म्हणून त्या दिवशी वाळेपर्यंत उभीही राहिले नाही. दादाचा शर्ट इस्त्री करायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा ऊन कंपाउंडच्या भिंतीवरून बॉनेटवर उतरलं होतं. आणि बॉनेटवर ठिपके होते.

आधीसारखे दाट नव्हते. पुसट, दुधाळ. पण सगळीकडे. मी डोकं हलवून बघितलं, जागा बदलून बघितलं. ते तिथेच होते. मला वाटलं, आत जाऊन दार लावून घ्यावं आणि गाडी निघून जाईपर्यंत बाहेरच येऊ नये.

दादा पांढरा शर्ट घालून, केस विंचरत आला. कंगवा डोक्यातच थांबला.

"हे काय गं?"

मी बॉनेटवरून बोट फिरवलं.

"हे काय म्हणून राह्यलो मी? आजच्या दिवशी? फिल्टरचं पाणी न्हाई का मारलं?"

"मारलं."

"मंग?"

मी पेन आणून टिपाडाच्या तळाशी उरलेल्या पाण्यात बुडवलं. शंभराच्या पुढे. नळ सोडून फिल्टरच्या तोंडाशी धरलं. शून्य. परत टिपाडात. पुन्हा शंभराच्या पुढे. फिल्टर ठीक होतं, संध्याकाळी मी मोजलेलं पाणी ठीक होतं, आणि सकाळचं पाणी ठीक नव्हतं. मी तशीच उभी राहिले, गणिताच्या पेपरात उत्तर चुकलंय हे कळावं पण कुठल्या ओळीत ते सापडू नये तशी.

"आकडे काय बघती? जल्दी कर काहीतरी!" दादा ओरडला. भिंतीपलीकडे काकूंच्या भांड्यांचा आवाज थांबला. "मी निघायला पाहिजे आता. विमान माझ्यासाठी थांबतं का?"

करंगळीएवढ्या धारेने गाडी परत धुवायला वेळ नव्हता. बोरच्या पाण्याने पुसलं तर आणखी ठिपके. मी आत धावले, ते नेमकं कशासाठी हे आत जाईपर्यंत मलाच माहीत नव्हतं. इन्व्हर्टरच्या स्टँडखाली बॅटरीच्या पाण्याचा कॅन होता. आईने झाडांना फवारायची बाटली रिकामी करून दिली. मी फवारत गेले, दादा मऊ फडक्याने मागून पुसत आला. बॉनेट, काचा, दारं. ठिपके ताजे होते, निघत होते. आईही पदर खोचून आली आणि मागचा दिवा पुसायला लागली.

"आई, तू राहू दे, गुडघे," मी म्हटलं.

"गुडघ्यानं पुसते का मी?" ती म्हणाली.

टपापर्यंत पोचलो आणि कॅन संपला. अर्धा टप साफ, अर्धा तसाच.

"राहू दे," दादा म्हणाला. "टप कोण बघतंय?" शर्टाची बाही ओली झाली होती, ती त्याने दुमडली. गाडी गल्लीच्या टोकाशी वळताना मला टपाचा तो डागाळलेला अर्धा भाग स्पष्ट दिसला. मला वाटलं, विमानातून उतरणारी माणसं उंच असतील तर?

तो दिवस सरता सरेना. फोन समोर ठेवून बसले होते. दादाला फोन करायचा नव्हता, कारण त्याच्याशेजारी पाहुणे असतील. त्याचा येऊ नये असंही वाटत होतं, कारण चांगली बातमी तो घरी येऊनच सांगतो. मनात एकच वाक्य फिरत होतं, तुझ्या भरोशावर. मी टिपाडाचा वास घेऊन बघितला. नळी तपासली. रात्री कुणी बोरचं पाणी ओतलं असेल का? पण सकाळी टिपाडात पाणी होतं तेवढंच होतं. इंग्रजीत वाचलेलं पुन्हा वाचलं. मणी संपले की असं होतं, तसं होतं. त्यातलं काहीही आमच्या अंगणात झालं नव्हतं.

दुपारी मी परत टिपाड धुऊन फिल्टरखाली लावलं, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. उन्हं कलली तेव्हा ते अर्धं भरलं होतं. आई मागच्या दाराने आली. बाही वर केली. मुठीत काहीतरी होतं. तिने टिपाडात हात घातला आणि गोल गोल फिरवायला लागली.

मी खिडकीतून बघत होते. ते बघताना पहिल्या क्षणी मला काहीच वाटलं नाही. आई पाण्यात तुरटी फिरवते आहे, जशी नेहमी फिरवते.

दुसऱ्या क्षणी मी अंगणात होते.

"आई, काय करतेस?"

"नितळ करून ठेवते उद्यासाठी. सकाळी बघितलं ना, कसे डाग पडले. त्या नळकांड्यानं काही गाळ राहत असंल."

"काल पण फिरवलीस?"

"कालच पहिल्यांदा फिरवली. देवळातून आले, वीट काढली, अन् दोन वेळा फिरवली. आजचा सोमवार होता ना." तिने हात बाहेर काढला. कोपरापासून पाणी गळत होतं. "तू दिवसभर राबत होतीस, म्हटलं एवढं तरी आपण करावं."

काय झालं ते मला तेव्हा पूर्ण कळलं. ज्या पाण्यातून मी सगळं काढून टाकलं होतं त्यात तिने काळजीने काहीतरी घातलं होतं. गाळ असता तर तुरटी त्याला घेऊन तळाशी गेली असती. तिथे गाळ नव्हता. ती पाण्यातच राहिली आणि गाडीवर जाऊन वाळली.

माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. फिल्टर कधी कधी बिघडतं असं म्हणून गप्प बसायचं. मग दादा फिल्टर काढून टाकेल, त्याच्याबरोबर माझ्यावरचा भरोसाही जाईल, पण आईला काही कळणार नाही. नाहीतर सांगायचं. आणि दादा संध्याकाळी करार गेला असं सांगत आला, तर आज सांगितलेलं आईच्या मनातून आयुष्यभर निघणार नाही. मी गप्प राहण्यात तरबेज आहे. त्या दिवशीही तेच सोपं होतं. पण तिचा हात अजून ओला होता, आणि उद्याही ती हेच करणार होती.

"आई, या टिपाडात नको फिरवू," मी म्हटलं. "बाकी सगळ्यात फिरव. यात नको."

"का?"

मला खोटं बोलता येत नाही, फक्त गप्प बसता येतं. मी टिपाडाकडे बघत राहिले. तिने माझ्याकडे बघितलं, मग मुठीतल्या खड्याकडे.

"म्हणजे सकाळचे डाग..." ती म्हणाली.

तिने तुरटी पदराला पुसली. मग मी नको नको म्हणत असताना टिपाड कलतं केलं, तेवढं पाणी झाडांना सोडलं आणि ते आतून तीनदा धुतलं. मला हात लावू दिला नाही. त्यानंतर ती दिवे लागेपर्यंत पायरीवर बसून राहिली. मी तिच्याशेजारी बसले. आम्ही दोघी गल्लीच्या टोकाकडे बघत होतो.

दादा आला. या वेळी बूट काढले. मला तो चांगला शकुन वाटला.

"पाहुण्यांनी तर गाडीकडं बघितलंच न्हाई," तो म्हणाला. "बसल्यापासून उतरेपर्यंत फोनवर. पण साहेब फिरले सगळ्या बाजूनं. बॉनेटवरून बोट फिरवून बघितलं."

"आणि टप?" मी विचारलं.

"टप बघायला त्यांना शिडी लागंल. केवढे ते!" त्याने छातीशी हात धरून दाखवला. मग हसणं थांबवून म्हणाला, "तीन महिने वाढवून दिले. वर्षाचं न्हाई. तीन महिने बघू म्हणले, गाडी अशीच राह्यली तर पुढचं बोलू."

म्हणजे गेलं नव्हतं. मिळालंही नव्हतं. आईने डोळे मिटले आणि उघडले.

"पण ते तुझं नळकांडं," दादा माझ्याकडे वळला, "ते काढ बाई. ऐन टायमाला दगा देतं. तीन महिने मला असला घोर नको. बॅटरीचे कॅनच आणत जाईन."

मी मान खाली घातली. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं. सांगायचं नव्हतंही.

"तिचं नळकांडं चांगलं आहे," आई म्हणाली. "मी तुरटी फिरवलती त्याच्यात. काल."

दादा तिच्याकडे बघत राहिला. कुठल्याही क्षणी सकाळसारखा ओरडेल असं मला वाटलं. मी मधे काहीतरी बोलायचं ठरवलं, शब्द जुळवत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "माझ्या गाडीला तुरटी लावली? न्हाव्यानं दाढी झाल्यावर लावावी तशी?"

"लावली," आई म्हणाली.

"मंग देवीचे वण भरून यायला पाहिजे होते की!"

भिंतीपलीकडून काकूंचं हसू आलं. त्या कधीपासून ऐकत होत्या कोण जाणे. आई हसली नाही. ती उठून आत गेली, आणि दादाचं जेवण वाढताना भाकरी दोनदा पालटून त्याला जास्त भाजलेली बाजू वर करून दिली, त्याला आवडते तशी. जेवताना त्याने एकदा माझ्याकडे बघून फक्त विचारलं, "उद्याचं पाणी लावलं का?"

मी लावलं होतं.

ते तीन महिने आता चालू आहेत. साहेब अधूनमधून बॉनेटवर बोट फिरवतात, दादा येऊन सांगतो, आणि त्या रात्री मला स्वप्नात थेंब दिसतात. दुसरी एक मुलाखत येऊ घातली आहे, तिचीही तयारी करते आहे. आई बाकी सगळ्या पाण्यात तुरटी फिरवते. निळ्या टिपाडाच्या जवळून जाताना मात्र हात मागे बांधते, जसं काही त्याला नुसत्या सावलीनेही काही होईल. मला ते बघवत नाही. म्हणून मी तिला एक काम दिलं. संध्याकाळी मी फिल्टर बंद केलं की पेन ती बुडवते. ते डोळ्यांपासून लांब धरते, आकडा स्थिर होईपर्यंत वाट बघते, आणि मगच झाकण लावते. वीट पण तीच ठेवते.

सकाळी मी शेवटचे तांबे सोडते तेव्हा ती पायरीवर येऊन उभी राहते. पूर्वी मला या वेळी कोणी बघत असलेलं चालायचं नाही. आता तिची चाहूल लागली की मी थोडी बाजूला सरकते, तिलाही दिसावं म्हणून. ऊन अजून भिंतीपलीकडे असतं. थेंब बसलेले असतात, गोल, स्वच्छ, काही न सांगणारे.

"राहिला का डाग?" ती विचारते.

"अजून वाळलं नाही," मी म्हणते.